मार्चमधली मोकळी खोली



मार्च हा आपल्या मंडळात घाईचा महिना असतो. पाडव्यासाठी सभागृह मिळवायचं, श्रीखंडाचा अंदाज घ्यायचा, मुलांच्या नाटुकल्याच्या तालमी लावायच्या. त्याच महिन्यात, आपल्या न्यू जर्सीतून गाडीने तासा-दीड तासावर, न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीकाठी जगभरातून हजारो स्त्रिया जमतात. संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाचं वार्षिक अधिवेशन तिथे भरतं. आयोग १९४६ सालचा, पहिली बैठक १९४७ च्या फेब्रुवारीत लेक सक्सेसला झाली. मुख्य इमारतीत सरकारांचे प्रतिनिधी बसतात आणि तिथे मान्यताप्राप्त संस्थेच्या ओळखपत्राशिवाय आत जाता येत नाही. पण रस्ता ओलांडला की फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू आणि चव्वेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘चर्च सेंटर’ नावाची इमारत आहे. तिथे आणि आसपासच्या सभागृहांत स्वयंसेवी संस्थांची सत्रं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात. नाव नोंदवलं की कुणीही जाऊन बसावं. हा दुसरा मेळावा स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहतो, आणि गेली काही वर्षं त्यांत आपल्या मंडळातल्याही काही जणी असतात. त्यांच्याविषयी, आणि अजून ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठी, हे संपादकीय.

काम काय असतं, ते आधी सांगते. दारात उभं राहून नावं तपासायची. खोलीत माणसं मावेनाशी झाली की नम्रपणे, पण ठामपणे दार लावून घ्यायचं. माइक फिरवायचा. ऑनलाइन जोडलेल्या बायकांचा आवाज खोलीत येतोय ना, ते पाहायचं. लिफ्टची रांग लांबली की वयस्कर बायकांना पुढे घ्यायचं. मार्चचा वारा नदीवरून अंगावर येत असतो. ग्रँड सेंट्रलहून चालत आलेली, पातळ शाल गुंडाळलेली एखादी केनियाची नाहीतर नेपाळची बाई दारात कुडकुडत असते, तिला आधी गरम चहा कुठे मिळेल ते सांगायचं आणि मग तिची खोली शोधून द्यायची. यातलं कुठलंही काम आपल्याला नवं नाही. गणेशोत्सवात पाचशे माणसांची पंगत ज्यांनी उठवली आहे, त्यांना शंभर खुर्च्यांची खोली सांभाळणं सहज जमतं. पहिल्यांदा आलेली आपली प्रत्येक मैत्रीण तासाभरात तिथे रुळलेली मी पाहिली आहे.

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: एवढी भाषणं होऊन निघतं काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी माझ्या गावातूनच देईन.

मी जिंतूरची. परभणी जिल्ह्यातला तालुका, एका अंगाला नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी-मंदिरं, दुसऱ्या अंगाला पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण. गावाला रेल्वे नाही. मुंबई गाठायची तर आधी एसटीने परभणीला यायचं आणि मग गाडी पकडायची. अशा गावात मेक्सिकोमधल्या परिषदेचा संबंध काय? पहिली जागतिक महिला परिषद १९७५ साली मेक्सिको सिटीत भरली. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर झालं होतं. त्या निमित्ताने त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं ‘माविम’, स्थापन झालं. आपल्या देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा ‘समानतेकडे’ हा अहवालही त्या परिषदेच्या तयारीच्या काळातच, १९७४ च्या अखेरीस सरकारला सादर झाला. पुढे माविमने गावोगाव बचत गट बांधले. ज्या बाईने आयुष्यात बँकेची पायरी चढली नव्हती, ती गटाची अध्यक्ष म्हणून सही करायला लागली. हे व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि ते काही परिषदेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. गावातल्या बायकांनी घरच्यांचा विरोध सोसून ते केलं. पण सरकारला खुर्चीतून उठायला भाग पाडणारी एक तारीख त्या परिषदेने दिली होती. १९९५ साली बीजिंगला १८९ देशांनी कृती आराखडा मान्य केला, तेव्हापासून दर पाच वर्षांनी प्रत्येक सरकारला हिशेब मांडावा लागतो. तो कसा मांडला जातो हे बाहेर उभ्या असलेल्या बायका डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवणं हे स्वयंसेवकाचं काम.

आता जी गोष्ट मला खरोखर सांगायची आहे तिच्याकडे येते. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. रस्त्यापलीकडच्या सत्रांत तर बहुतेक सगळा कारभार इंग्रजीतच चालतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, पण ज्या मराठी बाईच्या आयुष्याविषयी तिथे चर्चा होते ती स्वतः आलीच, तर तिला दुसऱ्याच्या तोंडून बोलावं लागतं.

एका सत्रात मी दारावर होते. ऊसतोड मजूर स्त्रियांवर चर्चा होती आणि मराठवाड्यातून, एका संस्थेबरोबर, एक बाई आल्या होत्या. आमच्या भागातल्या तांड्यांवरून आणि वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती बहुधा नवऱ्याच्या हातात, आणि बाईच्या कामाची वेगळी नोंद कुठेच नसते. पाळी असो, दिवस गेलेले असोत, अंगात ताप असो, खाडा झाला की दंड. पाळीचा त्रास आणि खाडा दोन्ही टाळण्यासाठी तरुण बायकांनी गर्भाशय काढून घेतल्याच्या बातम्या बीडमधून आल्या. तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

त्या बाई हे सगळं आकड्यांशिवाय सांगत होत्या. पहाटे किती वाजता उठायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं, कोपीत बाळंत झालेली जाऊ कितव्या दिवशी फडात उतरली. त्यांच्या संस्थेतली मुलगी आधी मनात हिंदी जुळवायची आणि मग इंग्रजीत सांगायची. दर वाक्यामागे तेवढाच वेळ अनुवादाला जायचा. ‘दोन मिनिटं उरली’ ही पाटी माझ्या हातात होती आणि ती मला वर करावी लागली. बाईंनी पाटीकडे पाहिलं, पदर सावरला आणि अर्ध्यावर थांबल्या. ज्यांचं बोलणं ऐकायला सगळे जमले होते, त्यांच्याच वाट्याला सगळ्यांत कमी वेळ आला होता.

सत्र संपल्यावर मी जवळ जाऊन मराठीत बोलले, तर त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. “तुमी कुटल्या, बाई?” मी जिंतूरची म्हटल्यावर म्हणाल्या, “आगं माय! आमची लेक दिली की बोरीला.” बोरी म्हणजे आमच्याच तालुक्यातलं गाव. मग पुढचा अर्धा तास जिन्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी जे सांगितलं, ते खोलीतल्या एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. राहत होत्या कुठे, तर शहराबाहेरच्या एका हॉटेलात चौघींत एक खोली. जेवण म्हणून बरोबर आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खात होत्या.

आपल्याकडे स्त्रियांनी स्वतःच्या भाषेत प्रचंड परिषदा घेतल्या आहेत. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, तेव्हा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया जमल्या होत्या आणि कुणालाही दुभाष्या लागला नव्हता. त्याच बायका न्यूयॉर्कला येतात तेव्हा मुक्या होतात. त्यांना बोलतं करणं तुमच्या-माझ्या हातात आहे. आपल्याला दोन्ही भाषा येतात, रस्ते ठाऊक आहेत आणि आपली घरं गाडीच्या अंतरावर आहेत.

घरांचं महत्त्व आपल्या न्यू जर्सीला तरी वेगळं सांगायला नको. रॅरिटन व्हॅली लाइनच्या गाडीने जाताना रोझेल पार्क स्टेशन लागतं. तिथून जवळच्या रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर राहत होत्या. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती एक मिशनरी नियतकालिक पडलं. त्यातल्या पत्रातून एका हिंदू मुलीची शिकण्याची धडपड त्यांना कळली आणि त्यांनी आपण होऊन तिला पत्र लिहिलं. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. काही वर्षं नुसती पत्रं चालली, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरल्यावर त्या याच रोझेलच्या घरी राहिल्या. पुढे ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या अस्थी आजही कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सीला आहेत. कार्पेंटरबाईंकडे ना संस्था होती, ना पद. त्यांनी एका परक्या मुलीला घरात घेतलं, तिला काय खायला चालतं हे समजून घेतलं आणि तिला जे करायचं होतं ते करू दिलं. स्वयंसेवेचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. १८८८ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय स्त्री परिषद भरली, तिथे त्या बोलल्या. त्याआधीच बोस्टनच्या स्त्री-पुरुषांनी त्यांच्या शाळेसाठी दहा वर्षांचा भार उचलायचं ठरवलं होतं, म्हणून १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. मला त्यांचं आणखी एका गोष्टीसाठी मोल वाटतं. अमेरिकेत जे पाहिलं ते सगळं, इथल्या स्त्रियांच्या संघटनांसकट, त्यांनी लगेच मराठीत पुस्तक लिहून घरच्या वाचकांपुढे ठेवलं. आपणही हे करायला हवं. तिथे झालेली चर्चा जिंतूरच्या, सेलूच्या, पाथरीच्या बचत गटापर्यंत मराठीत पोचत नसेल, तर आपलं काम अर्धंच राहिलं.

म्हणून येत्या मार्चसाठी कार्यकारिणीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, महाराष्ट्रातून येणाऱ्या ग्रामीण प्रतिनिधींना आपल्या घरी उतरवायचं. आठवडाभर एक खोली मोकळी असेल त्यांनी नाव द्यावं. ट्रेनच्या पासाचा खर्च मंडळ करेल. दुसरी, दुभाष्यांचा एक गट. यात आपली इथे वाढलेली मुलं हवी आहेत, पण त्यांनी डिसेंबरपासून आमच्याबरोबर शेतीचं, मजुरीचं, दवाखान्यातलं मराठी शिकायला बसायचं आहे. घरातल्या मराठीवर हे काम भागत नाही. सत्रांच्या आयोजकांना आपण पत्र देतो आहोत की अनुवादातून बोलणाऱ्या वक्त्याला दुप्पट वेळ मिळावा. तिसरी, रोजच्या सत्रांचा मराठी गोषवारा त्याच रात्री ध्वनिमुद्रित करून परभणी आणि बीडमधल्या संस्थांना पाठवायचा. वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जाईल अशा बायका त्यांत बऱ्याच आहेत.

व्हिसाची निमंत्रणपत्रं वेळेत जायला हवीत, त्यामुळे खोल्यांची यादी दिवाळीपूर्वी हातात हवी आहे. कोजागिरीच्या कार्यक्रमात दुधाच्या टेबलाशेजारीच नोंदणीचं टेबल असेल. मी तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलेली असेन. खोली देणार असाल तर जवळचं स्टेशन कोणतं आणि घरात जिना किती चढावा लागतो, एवढं सांगायला विसरू नका.

आपली,
संपादक