वॉटचा एकच आकडा पुरत नाही

‘ही को-अॅक्सियल केबल किती वॉट सोसते?’ या प्रश्नाला दुकानात एकच आकडा मिळतो आणि तो प्रमाण मानला जातो. कोणी त्याहून पुढे जातात. बारीक आरजी-५८ केबल १,४०० व्होल्ट सोसते, ५० ओहमच्या हिशेबाने हे ३९ किलोवॉट झाले, मग दोन-चारशे वॉटची काळजी कशाला, असे ते विचारतात.

गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक. व्होल्टेजची मर्यादा क्षणिक स्पंदांपुरती. तासन्‌तास चालणाऱ्या प्रक्षेपणात केबलला मारते ती उष्णता. मधली तार तापते, भोवतीचे पॉलिथिलीन मऊ पडते, वळणावर तार सरकून बाहेरच्या जाळीला टेकते. माणदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात काळे वेष्टन आधीच तापलेले असते, आणि अँटेना नीट जुळलेली नसेल तर केबलवर ठिकठिकाणी प्रवाह वाढून तिथे जास्तच ताप होतो.

शिवाय तांब्यातली ही हानी फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाने वाढते. सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झ, म्हसवडचा सामुदायिक रेडिओ माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ मेगाहर्ट्झ. फरक सुमारे ७२ पट, वर्गमूळ साडेआठ. म्हणजे एखादी केबल सांगलीच्या फ्रिक्वेन्सीवर जेवढे वॉट पेलेल, त्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढेच म्हसवडच्या फ्रिक्वेन्सीवर पेलेल. फ्रिक्वेन्सी आणि तापमान न सांगता दिलेला आकडा म्हणूनच निरर्थक आहे.

यावर उत्तर येते की सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर साधारण ५० वॉटचा, तेवढे आरजी-५८ सहज पेलते. पेलते, हे खरे. पण पेलणे म्हणजे पोचवणे नव्हे. या फ्रिक्वेन्सीवर तीस मीटर आरजी-५८ मध्ये जवळपास साडेचार डेसिबल जातात आणि अँटेनाला ५० पैकी अठराच वॉट मिळतात. केबल हाताला गरमही लागत नाही, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. त्याहून जाड आरजी-२१३ घेतली तर बत्तीसच्या आसपास, अर्ध्या इंची फोम केबलने त्रेचाळीस.

जाड केबल महाग आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. ती एकदाच घ्यायची असते. बारीक केबल मात्र ट्रान्समीटर चालू असेपर्यंत सतत बत्तीस वॉट जाळते आणि लांबच्या वाडीवरच्या रेडिओत नुसती खरखर उरते. केबल निवडताना आधी हानी मोजावी. ती कमी असली की सोसण्याची मर्यादा आपोआप वर जाते.