सेकंड हॅण्ड, पण कोरडी!

अंधेरी-घाटकोपरमध्ये सेकंड हॅण्ड गाडी बघताय? मग २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि उपनगरांत कित्येक गाड्या बुडाल्या. पाणी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे तुंबतंच, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा चकाचक होते, बॉस!

मी तर पॉलिशकडे बघतच नाही. आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढते. आत चिखलाचे डाग सापडतात. मग कार्पेट उचलते, सीटखालचा गंज बघते. काचा बंद करून कुबट वास आला, की नमस्कार! वायरिंग सहा महिन्यांनीही दगा देतं. इन्शुरन्सचे जुने क्लेम बिनधास्त विचारा. बुडीत गाडी म्हणजे तुमची दोन वर्षांची बचतही बुडीत खात्यात.