एसीचा हप्ता संपतो, खर्च संपत नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हप्तेही सहज मिळतात. यवतमाळमध्ये आपल्या नोकरदार तरुणांच्या घरी एसी येत आहेत. यात वावगे काही नाही. थंडावा ही कुणा एका वर्गाची मिरासदारी नाही. वीज स्वस्त आणि मुबलक असावी, ही भूमिका बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळताना १९४३ मध्येच मांडली होती. म्हणूनच हिशेब पूर्ण मांडू या.

दीड टनाचा तीन स्टार एसी रोज आठ तास, चार महिने चालवला तर वर्षाला साधारण सहाशे युनिट लागतात. दहा रुपये दर धरला तर दहा वर्षांत साठ हजार रुपये, म्हणजे बहुधा खरेदीपेक्षा जास्त. महावितरणचे दर टप्प्याने चढतात, त्यामुळे हे युनिट महागड्या टप्प्यात जातात. पाच स्टारमध्ये सुमारे पाचवा हिस्सा वीज वाचते.

ही वीज मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दहा वर्षांत चार टनांवर. कोळशाच्या खाणी आपल्याच वणी तालुक्यात आहेत. धूळ तिथल्या गावांवर बसते.

शेवटचा खर्च गॅसचा. जुन्या एसीतला एक किलो आर-२२ हवेत गेला तर सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो. आर-३२ सुमारे ६७५, तर आर-२९० अगदी नगण्य. भंगारात नळी कापली की सगळा गॅस हवेत जातो.

एसी खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो. शेजारच्या टिनाच्या घरात ती कोण सोसतो? कापूस वेचणारी, बांधकामावर जाणारी माणसे. कूलर कमी वीज खातो, पण त्याला पाणी लागते. २०१८ च्या उन्हाळ्यातली यवतमाळची पाणीटंचाई आपण विसरलेलो नाही.

म्हणून घ्यायचाच असेल तर पाच स्टार घ्या, गॅस कोणता ते विचारा, २४-२६ अंशांवर पंख्यासोबत चालवा, आणि जुना एसी गॅस काढून घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच द्या. पण प्रश्न एका घराचा नाही. घरकुलांच्या छतांना पांढरा उष्णतारोधक लेप आणि वस्त्यांमध्ये झाडे, ही मागणी नगरपरिषद व ग्रामसभेत आपणच लावून धरली पाहिजे.