चिठ्ठीसोबत आणखी एक कागद द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,


मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमचे काही जुने वाचक अचानक पुस्तक बदलायला येईनासे होतात. चौकशी केली की घरचे सांगतात, 'डोळे गेले त्यांचे.' खरं तर पूर्ण गेलेले नसतात. कुणाचा पडदा साखरेने खराब झालेला असतो, कुणाला काचबिंदू असतो, कुणाला वयोमानाने नजरेच्या मधोमध डाग दिसत असतो. ऑपरेशन झालेलं असतं, चष्म्याचा नंबर बदलून झालेला असतो. 'औषधाने आता यापुढे सुधारणा नाही' असं सांगून डॉक्टरांनी लो व्हिजन (अल्पदृष्टी) केंद्राची चिठ्ठी दिलेली असते. अशा काही वाचकांसोबत मी त्या केंद्रांत गेले आहे आणि तिथे जे पाहिलं त्यावरून एकच मागणी करते आहे. त्या चिठ्ठीसोबत, तपासणीला येण्याआधी काय तयारी करायची हे सांगणारा एक कागद रुग्णाच्या हाती द्या.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. २०१७ मध्ये त्याच्या नावात 'दृष्टिदोष' हा शब्दही आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अल्पदृष्टीची व्याख्या केली आहे: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली, पण ३/६० पर्यंत, किंवा नजरेचा आवाका ४० अंशांहून कमी, पण १० अंशांपर्यंत. प्रमाणपत्रासाठी हे आकडे लागतातच, पण माणसाचं नेमकं काय अडलंय ते आकड्यांतून कळत नाही. मधली नजर गेलेला माणूस गावभर फिरतो, पण त्याला समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. कडेची नजर गेलेला पेपर वाचतो आणि उठला की खाटेला धडकतो. अल्पदृष्टी दोघांनाही आहे, उपाय मात्र वेगळे. म्हणून या तपासणीत पहिला प्रश्न असतो, 'तुम्हाला काय करता यायला हवंय?' आणि तयारी नसलेला आपला माणूस म्हणतो, 'नीट दिसलं पाहिजे, दुसरं काय!'

या उत्तरावर कुणीही भिंग देऊ शकत नाही. २० डायॉप्टरचं भिंग कागदापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर धरावं लागतं. भिंगाची ताकद वाढली की अक्षर मोठं होतं, पण एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात. पेपर वाचायच्या भिंगातून एसटीची पाटी दिसणार नाही, त्यासाठी छोटी दुर्बीण लागते. स्वयंपाकात दोन्ही कुचकामी; तिथे जवळ आणलेला दिवा आणि तांदूळ निवडायला काळं ताट जास्त कामाला येतं. म्हणून काम आधी सांगावं लागतं, साधन त्यानंतर ठरतं.

एका आजींसोबत गेले होते. रिपोर्टची जाड फाइल होती, सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. तपासणी संपत आली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, 'इन्शुलिन भरताना सुईवरच्या रेघा दिसत नाहीत. सून शेतावर गेली की अंदाजाने भरते.' तपासणाऱ्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सिरिंज मागितली. सिरिंज घरी होती. पुढच्या खेपेला ती आणली, तेव्हा मागे गडद कागद धरून आणि सिरिंजवर अडकवायचं भिंग लावून रेघा दाखवता आल्या. त्या खेपेसाठी मुलाचा आणखी एका दिवसाचा रोज बुडाला, आणि मधल्या काळात डोस अंदाजानेच चालला होता. 'रोजच्या वापरातली अडणारी वस्तू सोबत आणा' एवढं एक वाक्य आधी मिळालं असतं तर हे टळलं असतं.

त्या कागदावर फार काही नको. अडणारी तीन-चार कामं, सगळ्यात महत्त्वाचं आधी. घरातले जुने-नवे सगळे चष्मे, गॉगल, भिंग आणि मोबाइल सोबत. केस पेपर आणि पडद्याचे रिपोर्ट. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी करायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी, कारण त्या थेंबांनी जवळचं धूसर होतं आणि भिंगांची चाचणी वाया जाते. उन्हात डोळे दिपतात का, संध्याकाळी पायरी चुकते का, हे घरी बघून ठेवा. सोबतीला असं माणूस आणा, जे घरी सराव करून घेईल.

वाचायचं असेल तर स्वतःचा मजकूर आणा: पोथी, पासबुक, सातबारा, जे असेल ते. तक्त्यावरचे आकडे किंवा इंग्रजी ई ओळखणं वेगळं आणि मराठी वाचणं वेगळं. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार आणि मात्रा आधी पुसट होतात. मग अक्षरं दिसूनही ओळ लागत नाही. मूल असेल तर त्याचं पाठ्यपुस्तक आणि वही आणा. पुस्तक नाकाशी धरून वाचल्याने अल्पदृष्टी असलेल्या मुलाची नजर आणखी बिघडत नाही, हेही पालकांसाठी तिथेच छापा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात, ती मोबाइलवर मोठी करून वाचता येतात, हेही सांगा.

आणखी एक ओळ हवीच. नजर कमी झालेल्या काहींना नसलेली माणसं, फुलांची नक्षी, लहान मुलं दिसतात. चार्ल्स बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवलं. आपल्याकडे वेड लागलं म्हणतील किंवा बाहेरची बाधा म्हणतील या भीतीने लोक ते घरातही बोलत नाहीत. 'असं काही दिसत असेल तर तपासणीत जरूर सांगा, हा वेडेपणा नाही' असं सरकारी कागदावर छापलेलं असेल, तर त्या माणसाला तोंड उघडायला धीर येईल.

या कामाला नवी इमारत लागत नाही की नवं यंत्र. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी आहेत, गावात आशाताई आहेत. त्यांनी तो कागद एकदा वाचून दाखवला तरी पुरे. कागद चकचकीत नको, पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं हवीत, किमान १८ पॉइंटची. मसुदा झाला की छापण्याआधी अल्पदृष्टी असलेल्या दोन-चार रुग्णांच्या हाती द्या. त्यांना वाचता आला नाही तर छापू नका, दुरुस्त करा.

कळावे,
आपली,
एक ग्रंथपाल