पाणी हिरवं झालं, मासा मेला… "नैसर्गिक आहे" म्हणून सोडू नका, मोजायला लावा!



तलावात मासा मेला की बऱ्याचदा कागदावर एकच शब्द येतो, "नैसर्गिक कारण". त्या शब्दापाशी चौकशी थांबते, भरपाईचं बोलणं थांबतं. ठेक्याची रक्कम मात्र भरावीच लागते. माझं म्हणणं सरळ आहे. नैसर्गिक असलं तरी विष ते विषच. आणि ते मोजता येतं.

आपल्याला हे नवीन नाही. शेततळ्यात बोटुकली सोडण्याआधी नको असलेले मासे काढायला आपण मोहाची पेंड टाकतो. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी साधारण 2500 किलो, आणि मग दोन-तीन आठवडे थांबायचं. का थांबायचं? तर पेंडीत सॅपोनिन नावाचं झाडाचंच विष असतं. ते कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जातं आणि रक्तपेशी फोडतं. हळूहळू त्याचा जोर ओसरतो, पेंडीचं खत होतं आणि मग तळं बोटुकलीला चालतं. म्हणजे किती टाकलं आणि किती दिवस झाले, यावर सगळं ठरतं. घाई केली तर हजारो रुपयांचं बीज एका रात्रीत गेलं समजा.

आता तलावाच्या हिरव्या पाण्याकडे या. हलकं हिरवं पाणी चांगलं, कटल्याला खाद्य मिळतं, हे बरोबरच आहे. पण उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरते, घाण वास सुटतो, ते निळं-हिरवं शेवाळ वेगळं. शास्त्रज्ञ त्याला जिवाणूंत धरतात, आपल्यासाठी ते शेवाळच. त्याच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर जातं, माशाच्या आणि माणसाच्याही. अडचण अशी की विष करणारं आणि न करणारं शेवाळ दिसायला सारखंच. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही सांगता येत नाही. मोजल्याशिवाय इलाज नाही.

हैदराबादचा हुसेनसागर आपल्यापैकी अनेकांनी बघितलाय. एकेकाळी शहर ज्याचं पाणी प्यायचं, त्यात नाल्यांनी सांडपाणी आणलं. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला फुकटचं खत. आज उन्हाळ्यात तिथं नाक धरून चालावं लागतं. कुणी म्हणेल, हैदराबादचं आपल्याला काय? तर आपली मांजरा बीडच्या डोंगरात उगवते, लातूर-बिदर करत तेलंगणात जाते आणि सिंगूर धरणातून तिचं पाणी हैदराबादच्या नळाला येतं. वर आपली जाळी, खाली त्यांचे हंडे. पाणी एकच आहे.

आणि मोजायची विद्या त्याच हैदराबादेत आहे. 1970 च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात लोकांची पोटं फुगू लागली, यकृत निकामी होऊन माणसं गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे शास्त्रज्ञही तपासाला गेले. कारण निघालं ते खुळखुळ्याच्या जातीच्या रानझुडपाचं बी. गोंडली नावाच्या बारीक धान्यात ते मिसळलं होतं आणि त्यातलं विष रोज पोटात जात होतं. तपासलं म्हणून कारण कळलं. धान्यातलं झाडाचं विष पन्नास वर्षांपूर्वी शोधता आलं, तर तलावातलं आज का नाही?

आपल्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू, प्राणवायू, बीओडी, जंतू हे बघतात. ते हवंच. पण मायक्रोसिस्टिन त्या यादीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा दिली आहे, लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम. म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्याला, जिभेला ते कळणार नाही, आणि पाणी उकळून जाणारही नाही. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात हे विष सापडलं, तेव्हा चार लाखांवर लोकांना सांगितलं गेलं की पाणी उकळूनही पिऊ नका. तिथं मोजत होते म्हणून कळलं.

मोजण्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. 2017 मध्ये हैदराबादजवळ पटानचेरू भागातल्या गंडीगुडेम तलावात मोठ्या प्रमाणात मासे मेले. तिथल्या मच्छीमारांनी कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं. असा वाद कुठंही होऊ शकतो. अशा वेळी "शेवाळामुळं झालं" असं म्हणून कुणीही हात झटकू शकतो. शेवाळाचं विष मोजलं आणि ते निघालंच नाही, तर ती पळवाट बंद. निघालं, तर कुणाच्या सांडपाण्यावर शेवाळ पोसलं हे विचारता येतं. दोन्हीकडून फायदा आपलाच.

काही होडीमालक म्हणतील, "विष निघालं तर आपला मासा कोण घेईल?" भीती खरी आहे, घर त्यावरच चालतं. पण बाजार अफवेनंही पडतो. अफवेला तारीख नसते, ती महिनोन्महिने चालते. तपासणीचा कागद असला तर आठ दिवस जाळं बंद ठेवून पुन्हा तपासणी करून, "आता मासा चांगला आहे" असं गिऱ्हाईकाला छातीठोक सांगता येतं.

गाळाचंही तसंच. आपल्याकडे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मध्ये तलावाचा गाळ शेतात जातो, तिकडं 'मिशन काकतीय'मध्येही तो शेतात गेला. चांगलंच काम आहे. पण शेवाळ मरून तळाशी बसतं, विषाचा काही भाग गाळाला चिकटतो आणि कुजायला वेळ लागतो. जिथं साय धरली होती, त्या तलावाचा गाळ उचलण्याआधी एक नमुना तपासायला काय हरकत आहे?

तोवर आपण एवढं करूया:
🐟 पहाटे मासा वर येऊन तोंड उघडत असेल आणि ऊन वर आल्यावर सावरत असेल, तर बहुधा प्राणवायू कमी आहे. वेळ लिहून ठेवा.
🐟 मासा मेला की त्याच दिवशी पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत भरा, बर्फात आणि अंधारात ठेवा, दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. उशीर झाला तर पुरावा गेला.
🐟 साय धरलेल्या पाण्यातला मासा विकू नका, घरीही आणू नका. एरवीही आतडी आणि यकृत काढूनच शिजवा, विष तिथंच जास्त साठतं.
🐟 जनावरांना त्या काठावर पाणी पाजू नका.

आणि मागणी एकच. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं कार्यालय 2006 पासून हैदराबादेतच आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तपासणी प्रयोगशाळा आणि फिरत्या प्रयोगशाळांना पैसा आहे. त्या तपासणीत शेवाळाचं विष घाला, आणि संस्थांना नमुना पाठवायची सोय द्या. आपण ठेका भरतो, बीज विकत घेतो, जाळं विणतो. आपल्या पाण्यात काय आहे हे कळण्याचा हक्क आपला आहे.

येत्या मासिक सभेत हा ठराव मांडतोय. होडीमालकांनी या, आणि घरच्या बायकांनाही आणा. मासा निवडतात त्या, बाजारात बसतात त्या, गिऱ्हाईकाचे प्रश्नही त्याच ऐकतात.

आपला,
सचिव