धामला समुद्र समजू नका!

वर्ध्याला घरी गेलो की एक सकाळ धाम नदीवर गरी टाकायची, हे ठरलेलं. परवा पवनारला मित्र आला तो नवीकोरी महागडी काठी आणि तंगुसाला ५० ग्रॅमचं शिसं लावून! अहो, हिवाळ्यात इथं पाणी जेमतेम वाहतं. एवढा धोंडा धपकन पडल्यावर मासा थांबेल? शिवाय खडकात अडकला की तंगूस तुटून नदीतच राहतो, मग त्यात बगळ्यांचे पाय गुंततात. शिसं तळाला टिकेल इतकंच हवं. संथ पाण्यात ५ ग्रॅम पुरे. तेही तंगुसावर सरकतं ठेवा, म्हणजे गांडूळ ओढताना माशाला वजन जाणवत नाही. पण दुकानदार हे कशाला सांगेल?

असो. मित्राची तीन शिसं नदीत गेली. माझं दिवाळीपासून तेच आहे.