दान आहे, वेळेचे काय?

जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांवर एखादा ट्रस्ट किंवा धर्मादाय रुग्णालय मोफत शस्त्रक्रिया करते, तेव्हा त्याची बातमी होते. मथळ्यात आकडा असतो, खाली पाहुण्यांचे छायाचित्र असते. काम मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही. आई-बापांनी जमीन विकूनही जो खर्च भागला नसता, तो कोणी अनोळखी माणूस उचलतो, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु या बातम्यांत एक आकडा सहसा नसतो : शस्त्रक्रियेच्या वेळी त्या मुलांचे वय काय होते? सारे मर्म त्या आकड्यात आहे.

हजार जन्मांमागे आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळे जन्माला येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल, तर फुप्फुसांकडे जास्त रक्त जास्त दाबाने जाते. बाळ दूध पिताना दमते, घामाघूम होते, अंग धरत नाही. पहिल्या वर्षात छिद्र बुजवले, तर ते बहुधा चारचौघांसारखे वाढते. दिरंगाई झाली, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड व टणक होत जातात आणि पुढे अशी अवस्था येते की, छिद्र बुजवणेच जिवावर बेतावे. सर्जन तयार असतो, देणगीदारही असतो. शस्त्रक्रिया मात्र करता येत नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जागाच उलटसुलट असेल, तर त्या बाळाच्या हाती पहिले काही आठवडेच असतात.

तेव्हा गरिबाचे मूल केवळ पैशाअभावी दगावते, हे अर्धसत्य आहे. महाराष्ट्रात पैशाची वाट पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे बंधनकारक आहे. २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. खारघरला २०१८ पासून सत्य साई संजीवनी रुग्णालय मुलांच्या हृदयावर विनामूल्य उपचार करते. प्रश्न आहे तो मूल या दारापर्यंत वेळेत पोहोचण्याचा.

त्यासाठीही योजना आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशात प्रारंभ झाला. नवजात बाळाची प्रसूतीच्या ठिकाणी, अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी, अशी ही आखणी. पण ज्या दोषाला पहिले वर्षच महत्त्वाचे, तो शाळेच्या तपासणीत सापडून काय उपयोग? पहिल्या एक-दोन दिवसांत छातीला नळी लावूनही अनेकदा काही ऐकू येत नाही. हातापायाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर मात्र काही गंभीर दोषांची चाहूल काही मिनिटांत देतो. संशय आला, तर पुढे एको तपासणी हवी, ती वाचणारा बालहृदयतज्ज्ञ हवा, आणि तो बहुधा मोठ्या शहरात असतो. दुर्गम पाड्यावरील बाळंतिणीने रोजगार बुडवून, दुसरे मूल शेजारणीकडे ठेवून तिथवर यायचे, ही अपेक्षा कागदावर सोपी दिसते.

केरळने २०१७ साली ‘हृद्यम्’ योजना सुरू करून ही साखळी जोडण्याचा प्रयत्न केला. दोष आढळलेल्या बाळाची संगणकावर नोंद होते, तज्ज्ञ निकड ठरवतात आणि सरकारी वा खासगी, जिथे सोय असेल तिथे बाळाला पाठवले जाते. येथे बाळाने रुग्णालय शोधायचे नसते. व्यवस्थेने बाळाला शोधायचे असते.

आपल्याकडील दानशूरांनी हे ध्यानात घ्यायला हवे. एका शस्त्रक्रियेच्या देणगीबरोबर चार प्रसूतिगृहांना ऑक्सिमीटर, परिचारिकांना प्रशिक्षण, आई-बापांचा प्रवासखर्च आणि नंतरच्या तपासण्या यांसाठीही हात सैल सोडला, तर त्याचे छायाचित्र कदाचित छापून येणार नाही. पण पाचव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ हे शब्द ऐकावे लागणारी मुले कमी होतील. सरकारनेही किती शस्त्रक्रिया केल्या, हे जरूर सांगावे. त्यासोबत मुलांचे वय सांगावे. तो आकडा वर्षागणिक खाली आला, तरच योजना यशस्वी म्हणायची.